आधी चोथा, मग प्रथिने

पाळीव सशाला दोन प्रकारची विष्ठा होते आणि त्यातली एक तो खातो. पिंजऱ्याखाली साठणाऱ्या कोरड्या, टणक लेंड्या सगळ्यांच्या ओळखीच्या असतात. दुसरा प्रकार वर्षानुवर्षे ससे सांभाळणाऱ्यांनीही फारसा पाहिलेला नसतो, कारण तो खाली पडतच नाही. रात्रभर खाणे झाल्यावर सकाळच्या निवांत वेळी ससा मान वळवून थेट गुदद्वाराशी तोंड नेतो आणि द्राक्षांच्या इवल्याशा घोसासारख्या, बुळबुळीत आवरणातल्या मऊ लेंड्या न चावता गिळतो. किळस वाटण्याचे कारण नाही. या मऊ लेंड्यांच्या कोरड्या वजनात पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त प्रथिने असतात, शिवाय ब गटातली जीवनसत्त्वे असतात. हा सगळा माल सशाच्याच पोटातल्या जिवाणूंनी तयार केलेला असतो.

सशाला लसूणघासेऐवजी तुतीचा पाला चालेल का, सोयापेंडीऐवजी सूर्यफुलाची पेंड घालावी का, शेवगा किती द्यावा, अशा प्रश्नांची उत्तरे या जिवाणूंच्या कारखान्याकडे मागावी लागतात. शेतकरी मात्र पहिला प्रश्न विचारतो तो प्रथिनांचा. पाल्यात प्रथिने किती? आकडा २० टक्क्यांच्या वर असला की पाला उत्तम ठरतो. गाईच्या, कोंबडीच्या हिशोबात ही सवय खपून जाते. सशाच्या बाबतीत तिने पिल्ले मरतात.

कारण समजायचे तर खाल्लेल्या घासाबरोबर थोडे आत जायला हवे. जठर आणि लहान आतडे ओलांडून अन्न मोठ्या आतड्याच्या तोंडाशी येते. तिथे अंधनाल नावाची मोठी पिशवी आहे. पचनसंस्थेत कुठल्याही क्षणी जेवढा ऐवज असतो त्यातला सुमारे ४० टक्के तिच्यातच असतो. जिवाणू राहतात ते इथे. तिच्या पुढच्या आतड्यात एक विलक्षण चाळणी चालते. जाडेभरडे, काष्ठमय तुकडे पुढे ढकलले जातात आणि कडक लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि द्रव मात्र उलट्या दिशेच्या लाटांनी मागे अंधनालेत नेले जातात आणि तिथे सावकाश आंबतात. गाय चोथा पोटात धरून ठेवते, रवंथ करते, त्यातून जमेल तेवढे काढून घेते. ससा चोथा लवकरात लवकर बाहेर टाकतो. लसूणघासेतला चोथा गाय चाळीस टक्क्यांहून जास्त पचवू शकते. सशाला त्याच्या निम्माही पचत नाही.

मग पचत नाही तो चोथा द्यायचा कशाला? आतडे हलते राहावे म्हणून. चोथा कमी पडला की चाळणी मंदावते, अंधनालेतला ऐवज तिथेच तुंबतो आणि त्यात लहान आतड्यात न पचलेला स्टार्च येऊन पडला तर क्लॉस्ट्रिडियमसारख्या जिवाणूंची चंगळ होते. त्यांचे विष पिल्लाला एक-दोन दिवसांत संपवते. काल संध्याकाळपर्यंत उड्या मारणारे पिल्लू सकाळी पोट फुगून, मागचा भाग घाण झालेल्या अवस्थेत सापडते. दूध तोडल्यानंतरचे दोन-तीन आठवडे या बाबतीत सर्वांत धोक्याचे, कारण दुधावरून घासावर येणाऱ्या पिल्लाची स्टार्च पचवण्याची ताकद अजून पुरती आलेली नसते. पिल्ले अठरा-वीस दिवसांची झाली की आईच्या खाद्यात तोंड घालू लागतात आणि साधारण महिना ते पाच आठवड्यांत त्यांचे दूध तोडतात. नेमके याच वेळी हौसेने मक्याचा भरडा वाढवला जातो. पिल्लू अशक्त वाटते, त्याला ताकद हवी, हे त्यामागचे समर्थन.

हा धडा फ्रान्सने मोठी किंमत देऊन गिरवला. तिथे ससा हे खाटकाच्या दुकानात सहज मिळणारे मांस आणि ससेपालन हा गोळी खाद्यावर चालणारा पक्का उद्योग. १९९६-९७ च्या सुमारास तिथल्या फार्मांवर आतड्यांच्या एका नव्या रोगाची साथ आली. दूध तोडलेली पिल्ले पोट फुगून मरू लागली. औषधे होती, प्रतिजैविकेही वापरली गेली. पण युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर बंदी आणली आणि एकूणच त्यांचा वापर कमी करण्याचा दबाव वाढत गेला. फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेतले थिएरी जिदेन आणि त्यांचे सहकारी चोथ्याचा अभ्यास करत होतेच. त्यांच्या कामातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे, चोथा नुसता पुरेसा असून भागत नाही, तो कुठल्या जातीचा आहे हेही महत्त्वाचे. लिग्निन असलेला काष्ठमय चोथा आतडे हलते ठेवतो. पेक्टिनसारखा मऊ, आंबणारा चोथा जिवाणूंना पोसतो. दोन्ही हवेत, आणि पहिला कमी पडला तर मरतूक वाढते. दुसरी गोष्ट ऐकून आपल्याकडचा कुणीही पशुपालक दचकेल. दूध तोडल्यावर पिल्लांना मनसोक्त खाऊ न देता भुकेच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपासच खाद्य द्यायचे. मरतूक घटते, आणि नंतर खाद्य वाढवल्यावर वजनातली तूटही बरीचशी भरून निघते. तिथल्या फार्मांवर आता ही सर्रास रीत आहे.

त्या गोळी खाद्यात असते तरी काय? वाळवलेली लसूणघास, गव्हाचा कोंडा, साखर काढून उरलेला बीटचा चोथा, सूर्यफुलाची पेंड आणि थोडेसे धान्य. धान्य सगळ्यांत शेवटी येते, हे लक्षात घेण्यासारखे. आपल्याकडे ‘पर्यायी’ म्हणून ज्या पाल्या-कोंड्याकडे जरा संकोचाने पाहिले जाते, तेच तिथे मुख्य खाद्य आहे.

आता आपल्या बांधावर येऊ. लसूणघास हा सशाच्या चाऱ्याचा मापदंड मानायला हरकत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे आरएल-८८ हे वाण महाराष्ट्रात चांगले रुजले आहे. एकदा लावले की तीन-चार वर्षे कापण्या देते. वाळवलेल्या घासेत साधारण १७-१८ टक्के प्रथिने आणि २५ टक्क्यांच्या आसपास चोथा. ससा तिच्यावर खूश असतो. पण तिला बारमाही पाणी लागते, आणि ज्याच्याकडे ते आहे तो घास दुधाच्या जनावराला घालणार. सशासाठी दुसरे काही शोधणे भाग पडते ते इथे.

मराठवाड्यात, विशेषतः बीड-जालन्याकडे, रेशीम शेतीमुळे तुतीची लागवड वाढली आहे. वाळलेल्या तुतीच्या पाल्यात प्रथिने पंधरापासून वीस-बावीस टक्क्यांपर्यंत, पाला जितका कोवळा तितकी जास्त. ससा तो आवडीने खातो आणि त्यात विषारी घटकाची विशेष भीती नाही. रेशीम अळी कीटकनाशकाला अतिशय नाजूक असल्यामुळे तुतीवर शेतकरी फवारणी जपूनच करतो, हा आयता फायदा. मात्र एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. अळ्यांच्या रॅकवरून उचललेला उरलासुरला पाला सशाला घालू नये. संगोपनात अळ्यांवर आणि पाल्यावर चुना व निर्जंतुक पावडर धुरळलेली असते, शिवाय त्यात अळ्यांची विष्ठा मिसळलेली असते. सशासाठी फांद्या बागेतूनच वेगळ्या तोडाव्यात. अळीला न चालणारी खालची जून पाने सशाला चालतात, उलट त्यांत चोथा जरा जास्त मिळतो. कोवळी डहाळी फांदीसकट दिली तर ससा सालही कुरतडतो. त्याचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यांना ते काम हवेच.

कोरडवाहू जमिनीत दशरथ घास बरा. झुडपासारखा वाढतो, कापला की फुटतो, शेंगवर्गीय असल्याने प्रथिने देतो आणि देठामुळे चोथाही देतो. सुबाभळीशी त्याचे नाते जवळचे, तरी सुबाभळीचा दोष त्याच्यात नाही.

हा दोष काय ते नीट सांगायला हवे, कारण बांधावर फुकट मिळणारी सुबाभूळ सशापुढे टाकण्याचा मोह कुणालाही होतो. महाराष्ट्रात सुबाभूळ पसरली त्यात मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला उभारलेल्या ‘बाएफ’ संस्थेचा वाटा मोठा आहे. शेळी-गाईंसाठी ती वरदान ठरली. पाल्यात प्रथिने २२ ते २८ टक्के, म्हणजे पेंडीच्या जवळपास. पण त्यात मिमोसिन नावाचा घटक असतो, कोवळ्या पानात जास्त. त्याने केस गळतात, थायरॉइड ग्रंथी बिघडते, वाढ खुंटते. ऑस्ट्रेलियातल्या गुरांना हा त्रास व्हायचा, हवाई बेटांवरच्या शेळ्यांना होत नसे. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन संशोधकाने ओळखले की हवाईच्या शेळ्यांच्या पोटात हे विष मोडणारे जिवाणू असणार. त्या शेळ्यांच्या पोटातला द्रव ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिला गेला आणि त्यांचाही त्रास थांबला. पुढे १९९२ मध्ये त्या जिवाणूला सिनर्जिस्टिस जोन्सी असे नाव मिळाले.

मग हाच जिवाणू सशाला का देऊ नये? कारण सशाचा कारखाना चुकीच्या टोकाला आहे. गाय-शेळीच्या पोटात जिवाणू पहिल्या दालनात बसतात. विष रक्तात उतरण्याआधी त्यांच्या हाती लागते. सशाचे जिवाणू लहान आतड्याच्या पुढे, अंधनालेत. त्यांच्यापर्यंत अन्न पोहोचते तोवर मिमोसिनचा मोठा भाग रक्तात गेलेला असतो. म्हणून ‘शेळीला चालते ते सशालाही चालते’ हा नियम इथे मोडतो. सुबाभूळ द्यायचीच तर वाळवून, आणि एकूण कोरड्या खाद्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत. गाभण माद्यांना दिलीच नाही तर उत्तम.

शेवग्याची गोष्ट उलटी आहे. त्यात विषाचा प्रश्न नाही, प्रश्न चांगुलपणाचा आहे. शेंगांसाठी लावलेल्या शेवग्याची छाटणी झाली की पाल्याचा ढीग पडतो. त्याच्या सुक्या पाल्यात प्रथिने पंचवीस टक्क्यांच्या आसपास, चोथा मात्र फार थोडा. पौष्टिक आहे म्हणून पिल्लांना पोटभर शेवगा घातला तर ती मऊ लेंड्या खाणे सोडून देतात. ज्या खाद्यातून प्रथिनांची गरज भागते, त्या खाद्यावरचा ससा मऊ लेंड्यांकडे पाठ फिरवतो. त्या लेंड्या पिंजऱ्याच्या जाळीतून पडून खाली चिकट थर दिसू लागला की खाद्य नको इतके समृद्ध झाले असे समजावे आणि दोन-तीन दिवस फक्त सुके गवत द्यावे. शेवगा पेंडीच्या जागी वापरावा, घासेच्या जागी नाही.

अझोला आणि हायड्रोपोनिक चारा यांचा गाजावाजा बराच होतो, म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यात. अझोलाच्या कोरड्या वजनात प्रथिने वीस टक्क्यांच्या वर असतात हे खरे. पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते. ओला किलोभर अझोला म्हणजे ६०-७० ग्रॅम कोरडा माल. वरखाद्य म्हणून, शेणाचा वास जाईपर्यंत धुऊन, जरूर द्यावा. हायड्रोपोनिक मक्यात एका किलो बियाण्याचा पाच-सहा किलो हिरवा गालिचा मिळतो खरा, पण वाढलेले सगळे वजन पाण्याचे असते. कोरडा माल मूळ दाण्यापेक्षा थोडा कमीच भरतो, कारण मोड येताना दाणा स्वतःचीच साठवण जाळतो. फोटोत छान दिसतो, एवढे मान्य करायला हवे.

पेंडींमध्ये सूर्यफुलाची पेंड सशासाठी बनवल्यासारखी आहे. कोंबडीवाले तिला नाके मुरडतात ती तिच्यातल्या टरफलामुळे, आणि सशाला हवे असते ते टरफलच. शिवाय तिच्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल बरे असते, जे शेंगवर्गीय पाल्यात तुटपुंजे असते. लायसिन कमी असते, ते पाला आणि तूर चुनी भरून काढतात. सरकी पेंडीत गॉसिपोल असल्याने ती सशांपासून लांब ठेवावी, विदर्भात ती कितीही स्वस्त मिळो. शेंगदाणा पेंड चवीला उत्तम, पण तिच्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन ही मोठी जोखीम. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले तेव्हा शोध घेता घेता संशोधक ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचले, आणि या विषाची ओळख जगाला त्यातून झाली. अफ्लाटॉक्सिन सहन करण्यात ससा तर फारच कच्चा. पावसाळ्यात दमट खोलीत ठेवलेली पेंड वास घेऊनही कळत नाही, म्हणून ताजी, थोडी थोडी आणावी.

हे सगळे एकत्र करून पाहू. समजा शंभर किलो मिश्रण करायचे आहे. तुतीचा वाळवलेला पाला ३० किलो, गव्हाचा कोंडा २५, तूर चुनी १५, मका १५, सूर्यफूल पेंड १२, खनिज मिश्रण अडीच किलो, मीठ अर्धा किलो. प्रत्येक जिन्नसाचे साधारण प्रमाण धरून बेरीज केली तर प्रथिने साडेसोळा टक्क्यांच्या आसपास येतात. वाढत्या सशाला १५ ते १७ टक्के लागतात, म्हणजे पास. चोथ्याची बेरीज मात्र जेमतेम १२ टक्के भरते आणि हवा असतो १४ ते १६. कागदावर देखणे दिसणारे हे मिश्रण दूध तोडलेल्या पिल्लांना घातले तर गडबड होणार. आता पेंड वाढवायची नाही, मका कमी करायचा. १५ चा ५ किलो करा आणि त्या दहा किलोंच्या जागी भुईमुगाचा वाळलेला, बुरशी नसलेला पाला घाला. प्रथिने तिथल्या तिथेच राहतात, चोथा साडेचौदावर जातो. खर्चही उतरतो. ऊर्जा थोडी घटते आणि वाढ किंचित मंदावते, पण पिल्ले जगतात.

भरडताना आणखी एक चूक होते. गिरणीत हे सगळे पिठासारखे बारीक करून आणले की चोथ्याचा आकडा तोच राहतो, काम मात्र बदलते. चाळणीला तो आता ‘बारीक कण’ वाटतो आणि पुढे जायच्या ऐवजी मागे अंधनालेत जाऊन पडतो. पाला जाडसर कुटावा. कोरडा भरडा सशाच्या नाकात जातो आणि तो पायाने उधळून टाकतो. गोळ्या पाडण्याचे यंत्र नसेल तर थोडे पाणी शिंपडून घट्ट मळावा आणि तासा-दोन तासांत संपेल एवढाच ठेवावा. उन्हाळ्यात ओला भरडा दुपारपर्यंत आंबतो. मुख्य खाणे संध्याकाळी द्यावे, कारण ससा खातो रात्री, आणि तापमान तिशीच्या वर गेले की दिवसा तो खाद्याकडे बघतही नाही. पाणी चोवीस तास हवे. कोरड्या खाद्याच्या जवळपास दुप्पट पाणी तो पितो. पाणी संपले की खाणेही थांबते.

ओला पाला कापून आणला की काही तास सावलीत सुकू द्यावा, ढीग करून ठेवू नये. ढिगाच्या पोटात तो तापतो. जमिनीवर टाकण्यापेक्षा जाळीत अडकवावा. लेंड्यांत मिसळलेला पाला खाऊन पिल्लांत कॉक्सिडिओसिस पसरतो, आणि दूध तोडलेल्या पिल्लांच्या मरतुकीत त्याचा हात मोठा असतो. कापणाऱ्या माणसाला घाणेरी, कण्हेर, एरंड, धोतरा, रुई ओळखता आली पाहिजे. ज्वारीचे कोवळे पोंगे गुरांना ‘किराळ’ लागते, म्हणजे विषबाधा होते, म्हणून देत नाहीत, सशालाही देऊ नयेत. नवा पाला सुरू करताना आठवडा-दहा दिवसांत हळूहळू जुन्याची जागा त्याला द्यावी. जिवाणूंची वस्ती नव्या मालाला सरावायला तेवढा वेळ घेते. तुती किंवा लसूणघास सुरू केल्यावर लघवी पांढरट, चुन्याच्या निवळीसारखी दिसू लागते आणि नवखे पाळणारे घाबरून डॉक्टर गाठतात. ससा खाद्यातले कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषतो आणि उरलेले लघवीवाटे टाकतो, एवढेच त्याचे कारण.

राहिला हिशोब. राजस्थानात अविकानगरला मुख्यालय असलेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे कोडाईकनालजवळ मन्नवनूर येथे केंद्र आहे. मांसासाठीचे व्हाइट जायंट आणि सोव्हिएत चिंचिला ससे तिथे सांभाळले जातात. आपल्याकडचे बहुतेक ससे याच किंवा न्यूझीलंड व्हाइट जातीचे. युरोपात गोळी खाद्यावरचा ससा दहा-अकरा आठवड्यांत विक्रीला येतो. पाला जास्त आणि गोळी कमी अशा पद्धतीत, आपल्या उन्हाळ्यात, त्याच वजनाला आणखी काही आठवडे लागतात. हे आठवडे परवडतात की नाही हे पाल्यापेक्षा गिऱ्हाइकावर ठरते. पाला स्वतःच्या बांधाचा, मजुरी घरची आणि मांस विकत घेणारा तालुक्याच्या गावी असेल तर परवडतात. पिल्लांच्या जोड्या चढ्या दराने विकून ‘वाढवा, आम्हीच परत घेऊ’ म्हणणाऱ्यांच्या भरवशावर पिंजरे उभे केले असतील, तर तुती लावण्याआधी तो करार वकिलाला दाखवून घ्यावा.